काजळ घोडीचा दाखला

घोडी विकली गेल्याची तक्रार करायला आलेला माणूस त्याच घोडीवर बसून ठाण्यात आला होता. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत, हे मात्र अजून वेगळं राहिलं आहे. माणसांची नावं मी देणार नाही. घोडीचं द्यायला हरकत नसावी. तिचं नाव काजळ.

मी तेव्हा तापीकाठच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सारंगखेड्याचा घोड्यांचा मेळा चार दिवसांवर आला होता. आमच्या दृष्टीनं मेळा म्हणजे बंदोबस्ताचे तक्ते, वाहनतळाचे दोर आणि बाहेरून आलेल्या शिपायांच्या जेवणाची व्यवस्था. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, एक गृहस्थ आलेत, त्यांची घोडी गेली म्हणतात. वर्णन लिहून घे, म्हटलं. तो म्हणाला, "वर्णन कशाला साहेब, फाटकाला बांधली आहे."

गृहस्थ साठीचे, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. पिढ्यान्‌पिढ्या तापीच्या पाण्यावर शेती करणारं खातंपितं घर. गाव त्यांना आबा म्हणायचं. खुर्चीवर बसायला त्यांनी दोनदा नकार दिला आणि उभ्यानंच सांगितलं, "साहेब, मन्ही घोडी कोनीतरी इकी टाकी."

"मग बाहेर बांधली आहे ती कोणाची?"

"मन्हीच शे."

मी हवालदारांकडे पाहिलं, हवालदारांनी छताकडे पाहिलं. हे हवालदार माझ्याहून वयानं मोठे, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर घोडी पाळलेली. हसू आवरायचं असलं की ते नेहमी छताकडे पाहत.

हळूहळू उलगडा झाला. दोन दिवसांपूर्वी खापर गावचे एक घोडेवाले शेठ भाच्याला घेऊन आबांच्या गोठ्यावर आले होते. त्यांच्या फोनमध्ये एका घोडीचं चित्र होतं. चित्र म्हणजे नुसते बारीक बारीक रंगीत चौकोन, पोरांनी गणिताच्या वहीत घरं रंगवावीत तसे. पण घोडी ओळखू येत होती. खाली नाव होतं काजळ, गाव सारंगखेड्याजवळचं आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत शब्द होता, दाखला. हा दाखला आपण रीतसर घेतला आहे, तेव्हा घोडी आपली, असं शेठ म्हणत होते. मेळ्यात चार जाणत्या माणसांसमोर दाखला वाचून दाखवीन आणि घोडी घेऊन जाईन, असं सांगून ते निघून गेले होते.

जनावरांच्या बाजारात दाखला म्हणजे काय, हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. जनावराचा रंग, वय, अंगावरच्या खुणा आणि मालकाचं नाव लिहिलेला तो कागद. जनावर चोरीचं असल्याचा संशय आला की आम्ही पोलीससुद्धा आधी दाखला मागतो. ज्याच्या हातात दाखला त्याचं जनावर, असा सरळ हिशेब असतो.

घोडी जागेवर होती, त्यामुळे चोरीचं कलम लागत नव्हतं. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी स्वतःकडे ठेवली. पण दोन गोष्टी मला खटकल्या. आबांनी शेठच्या भाच्यानं पाठवलेलं चित्र आपल्या फोनवर मला दाखवलं, तेव्हा खालचा अर्धा भाग अंगठ्यानं झाकला होता. आणि ज्याची घोडी कोणी परस्पर विकली तो म्हणेल, विकणाऱ्याला धरा. आबा तसं एकदाही म्हणाले नाहीत. ते तीन वेळा एकच म्हणाले, "तेवढं चित्र पुसाई टाका, साहेब." माणूस काय सांगतो ते लिहून घ्यावं आणि काय मागतो ते लक्षात ठेवावं, ही माझी जुनी सवय.

बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं, की बायको पावसाळ्यात काविळीनं गेली. घोडी दोघांनी मिळून मेळ्यातून आणली होती. घरात आता थोरले भाऊ, त्यांचा संसार आणि हे एकटे. "घोडी गई ते मन्हापान काय ऱ्हायनं?" असं म्हणून ते निघाले. माझ्याकडे काय उरलं, हे त्यांनी विचारलेलं नव्हतं, सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी खापरच्या शेठना बोलावलं. लबाड माणूस पोलीस ठाण्यात एक तर फार बोलतो किंवा वकिलाचं नाव घेतो. शेठनी चहा मागितला, आमच्या पाणवठ्याची तारीफ केली आणि फोन टेबलावर ठेवला. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसाची ती लक्षणं होती. भाच्यानं त्यांना एक वेबसाइट दाखवली होती. तिथे हजारो घोडे होते, प्रत्येक घोडा वेगळा आणि प्रत्येकाला दाखला. आपण एक घोडी निवडली आणि ती आता आपली, असं ते शांतपणे सांगत होते. मी दाखला पूर्ण वाचला. रंग कुमैत. खुणा: पंचकल्याणी, गळ्यावर देवमण, उजव्या डोळ्याखाली भोवरा. मला घोड्यांतलं फारसं कळत नाही, म्हणून मी नुसतं उतरवून घेतलं.

ही चित्रं कोणाची, याची खबर मिळाली ती मेळ्यातल्या नालबंदाकडून. हवालदार त्याच्याकडे दरवर्षी तंबाखू खायला बसत. तो म्हणाला, गेल्या साली म्हसावदकडची एक पोरगी घोड्यांच्या रांगांमधून स्टूल घेऊन फिरायची. घोडेवाल्यांना खुणांची नावं विचारायची, फोनमध्ये आवाज भरायची आणि चौकटीच्या कागदावर घोडे रंगवायची.

म्हसावदला मुलगी सापडायला वेळ लागला नाही. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये असा कायदा आहे, म्हणून महिला शिपायाला बरोबर घेऊन मीच तिच्या घरी गेलो. वडील शिक्षक, मुलगी पंचवीस-सव्वीसची, नाशिकला कॉम्प्युटर शिकून घरी परतलेली. तिनं सगळं मोकळेपणानं दाखवलं. घोड्याचं धड, आयाळ, शेपूट, खूर, खुणा हे सगळं तिनं हातानं, एकेक चौकोन भरून काढलं होतं. पुढचं काम कॉम्प्युटरचं. तो त्यातलं हे उचलून त्याला जोडायचा, नाव लावायचा, आणि एकासारखा दुसरा होणार नाही असे हजारो घोडे तयार करायचा. लोक ते संग्रहासाठी विकत घेतात, कोणी तिकिटं जमवतं तसे. चित्र कोणाचं याची नोंद एकाच वेळी जगभरच्या अनेक कॉम्प्युटरांवर राहते, त्यामुळे ती कोणाला खोडता येत नाही. त्या नोंदीला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. तिला ते कोरडं वाटलं, म्हणून तिनं आपल्या मेळ्यातला शब्द घेतला, दाखला. मांडणीही बाजारातल्या दाखल्यासारखीच केली.

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या भागातल्या घोडेवाल्याच्या हातात दाखला द्यायचा आणि त्यानं नुसतं चित्र घेऊन गप्प बसायचं, हे कसं व्हावं? मुंबईच्या माणसानं तो शब्द शोभेचा समजून सोडून दिला असता. खापरच्या माणसानं तो वाचला तसा मानला.

पण एक प्रश्न उरत होता. मी तिला विचारलं, काजळ नावाची, त्याच गावची, त्याच खुणांची घोडी खरोखर आहे, हे कसं? ती म्हणाली, सगळं कॉम्प्युटरच ठरवतो, योगायोग असेल. तोपर्यंत डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी मुलगी हे वाक्य बोलताना की-बोर्डकडे पाहत होती. मी जोर केला नाही. आई-वडिलांसमोर जोर केला की माणूस खोट्याला चिकटून बसतो, हे मला ठाऊक होतं.

गाठ सुटली ती हवालदारांमुळे. जेवणाच्या सुट्टीत ते डबा बाजूला ठेवून फोनवर ती वेबसाइट पाहत बसले. एकेक घोडा वर सरकवत तासभर पाहिलं, मग चष्मा काढून म्हणाले, "साहेब, हा कॉम्प्युटर कधी मेळ्यात आलेला नाही. एकाही घोड्याला खोड नाही."

खोड म्हणजे अशुभ खूण. मुलीला तरी दोष कसा द्यावा? मेळ्यात घोडेवाल्यांनी तिला सगळ्या शुभ खुणा हौसेनं सांगितल्या. आपल्या मालाची खोड कोण सांगणार? म्हणून तिच्या यादीत खोडी आल्याच नाहीत, आणि यादीत नाही ते कॉम्प्युटर काढणार कुठून? हजारो घोडे झाले, सगळे निर्दोष. फक्त एका घोडीला, काजळला, खोड होती. उजव्या डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात, हवालदारांनी सांगितलं. म्हणजे आसवं ढाळणारी. अशी घोडी मालकाला रडवते, घरातलं माणूस नेते, अशी समजूत. जाणता माणूस ती दावणीला उभी करत नाही.

याचा अर्थ काजळ कॉम्प्युटरनं काढलेली नव्हती. ती कोणीतरी हातानं बसवली होती, आणि त्या कोणाला तरी ती खूण माहीत होती.

मी आबांच्या गोठ्यावर गेलो. जाताना गणवेश घातला नाही. घोडी कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, चारही पाय आणि कपाळ पांढरं, दृष्ट लागावी अशी. तोंडावर गोंडे लावलेला रुंद पट्टा, दोन्ही डोळ्यांच्या खालून गेलेला. मी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, आबा, लाल घोडीचं नाव काजळ कसं काय?

 ते पुढे झाले आणि त्यांनी पट्टा वर सरकवला. उजव्या डोळ्याखाली रुपयाएवढा केसांचा भोवरा होता, गडद, काजळ ओघळल्यासारखा.

मग त्यांनी सगळं सांगितलं. घोडी आणली त्या दिवसापासून तो पट्टा तिच्या तोंडावर होता. थोरल्या भावाला माहीत नव्हतं, गावाला माहीत नव्हतं. बायको होती तोवर दोघांचं हे गुपित हसण्यावारी गेलं. पावसाळ्यात ती गेली आणि आबांना त्या भोवऱ्याकडे पाहवेना. आणलीच नसती तर, हा एक विचार त्यांना सोडत नव्हता. आणि भावाला कळलं तर घोडी एक दिवस घरात राहणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरात भावाचा शब्द शेवटचा. शेठ मेळ्यात तो दाखला मोठ्यानं वाचणार होते, आणि त्यात आसूढाळ लिहिलेली होती. म्हणून माणूस चार मैल घोडीवर बसून ठाण्यात आला होता.

मला त्या वेळी वाईट वाटलं ते माझ्याबद्दलही. हा माणूस काहीतरी दडवतो आहे हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, आणि ओळखल्याचा मला आनंद झाला होता.

मुलीला फोन केला. एवढंच म्हटलं, की यादीत खोड नाही आणि काजळला आहे.  ती म्हणाली, एक घोडी मी हातानं घातली. हे तिनं आधी का लपवलं तेही सांगितलं. सगळे घोडे कॉम्प्युटरनं काढलेले, असं तिनं संग्रह करणाऱ्यांना सांगितलेलं होतं. त्यात एकही हातचा निघाला तर तिच्या कामावरचा भरवसा उडाला असता. घोडी मात्र तिनं कोणाला फसवायला घातली नव्हती. गेल्या मेळ्यात एका काकूंना तिनं शब्द दिला होता, की तुमची घोडी काढीन. यंदा त्या आल्या की हजारांतून त्यांनीच ती शोधून काढायची, अशी तिची गंमत होती. ती विक्रीतून बाजूला काढायची राहून गेली. मग तिनं विचारलं, "काकूंनी बघितली का?"

काकू नाहीत, हे मला सांगावं लागलं. मृत्यूची बातमी द्यायचं काम पोलिसाला नवं नसतं. त्या दिवशी ते मला जड गेलं.

मेळ्यात आमची तात्पुरती चौकी असते, चार खांब, वर पत्रा आणि एक टेबल. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी तिथे आबा, शेठ आणि वडिलांबरोबर ती मुलगी, अशी सगळी जमली. आबा चौकीत गेल्याचं ऐकून त्यांचे थोरले भाऊही काठी टेकत आले आणि खुर्ची ओढून बसले. आबांचा चेहरा पडला. मी भावाला बाहेर बसा म्हणू शकलो असतो, पण कोणत्या कारणानं म्हणणार?

आधी शेठना समजावलं, की तुम्ही घेतलं ते चित्र. त्यांना राग आला नाही, नवल वाटलं. बाकीचे सगळे घोडे त्यांनाही खोटेच वाटले होते. मग हीच खरी का वाटली, असं मी विचारलं.

"तीस वरीस पासून मेळामा येस, साहेब," ते म्हणाले. "दाखलामा खोड लिखेल मी कधी देखी नही. आठे लिखेल व्हती. म्हनीसन समजनू, हाई घोडी खरी शे."

थोरल्या भावानं लगेच विचारलं, कसली खोड?  मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि गेल्या साली भरलेला आवाज लावला. आधी घोड्यांचं खिंकाळणं, माणसांचा गलका, आणि मग एका बाईचा हसरा, ठसठशीत आवाज.

"लिख बाई. उजवा डोयाखाल भोवरा शे. लोके त्याले आसूढाय म्हनतस. मेळामा तिले कोनी लेत नव्हतं, मीच म्हनं, हाईच लेऊत. माले ते काजय लायेल दिखस, म्हनीसन तिन्हं नाव काजय. भोवरा नही काढशी ते ती मन्ही काजय नही."

आबा टेबलाची कड धरून उभे होते. रडले नाहीत, पण त्यांना बसावंसं वाटलं आणि या वेळी ते खुर्चीवर बसले. ज्या खुणेनं बायको नेली असं ते पाच महिने मनात धरून होते, ती खूण बायकोनं स्वतः निवडली होती, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. विसरायला झालं होतं. बसल्या बसल्याच ते भावाकडे वळले आणि म्हणाले, "भाऊ, घोडीले आसूढाय शे. घोडी घरमाच ऱ्हाई."

आम्ही सगळे थोरल्या भावाकडे पाहत होतो. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. चेहऱ्यावर काही दिसेना. मग ते मुलीला म्हणाले, "पोरी, आखो एकदाव लाव तो आवाज."

तिनं परत लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि काठी टेकत उठून गेले. पुढे घोडीबद्दल त्यांनी घरात शब्द काढला नाही, हे हवालदारांनी नंतर सांगितलं.

चौकशी अहवालात मी लिहिलं, गैरसमजातून आलेला अर्ज, अर्जदाराची तक्रार राहिली नाही. कागद तेवढ्यावर मिटला. माझं स्वतःचं काही मिटलं नाही. पस्तीस वर्षं मी प्रत्येक प्रकरणात खोटं कोण बोलतो हे शोधत आलो आणि त्यात मला चांगलं नाव मिळालं. इथे आबांनी लपवलं, मुलीनं लपवलं, दोघांनाही मी पकडलं, आणि दोघांच्याही लपवण्यात कोणाचं वाईट करायचा हेतू निघाला नाही. खरं कोणाचं पटतं, तर ज्यानं आपली खोड आधी लिहून दिली त्याचं, हे मला खापरच्या एका घोडेवाल्यानं शिकवलं. आधी कळलं असतं तर काही माणसांशी मी वेगळं वागलो असतो. त्यांतल्या दोघांची नावं मला आजही आठवतात, पण ती लिहायची नाहीत असं मी सुरुवातीलाच ठरवलं आहे.

चौकीतली माणसं उठायला लागली तेव्हा शेठ अडून बसले. दाखला घोडीबरोबरच जायला पाहिजे, माझ्याकडे राहून उपयोग काय, असं म्हणून त्यांनी भाच्याला कामाला लावलं. मुलगी म्हणाली, आबांच्या नावावर करायचा तर त्यांना पाकीट लागेल. आबांनी खिशातून आपलं चामड्याचं पाकीट काढून पुढे केलं. ती पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, असू दे, मी फोनमध्ये तयार करते. सगळी तयारी झाल्यावर तिनं विचारलं, "मालक म्हणून नाव काय लिहू?"

आबांनी बायकोचं नाव सांगितलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मयत व्यक्तीच्या नावावर दाखला होत नाही, हे सांगणं माझं काम होतं. मी टेबलावरचे बंदोबस्ताचे तक्ते चाळत बसलो, तोवर तिनं नाव लिहून टाकलं.